खांब चार, वाटेकरी बारा

लॉस एंजेलिसमध्ये १९७८च्या आधीच्या नियमांनी बांधलेली, लाकडी सांगाड्याची, खाली मोकळं पार्किंग आणि वर फ्लॅट अशी तुमची इमारत असेल, तर तिच्या भूकंप-रेट्रोफिटचा, म्हणजे भूकंपात टिकेल अशी तिची मजबुती करण्याचा, खर्च कोणी करायचा याचं शहराकडे एका शब्दात उत्तर आहे: मालकानं. आमच्या इमारतीला मालक बारा. त्यातला एक फ्लॅट आमचा, आणि त्या काळात सोसायटीची खजिनदार मी. खजिनदारपद मला मिळालं कारण आधीच्या खजिनदारानं घर विकलं आणि पुढच्या सभेत मी सोडून सगळ्यांनी खाली बघितलं.

इमारत १९६४ची, सॅन फर्नांडो व्हॅलीत, शर्मन ओक्समध्ये. आठ फ्लॅट दोन बेडरूमचे, चार एक बेडरूमचे. मूळ ती भाड्याची होती, पुढे फ्लॅट सुटे करून विकले गेले. इथल्या सोसायटीला एचओए म्हणतात. पण महिन्याचा मेंटेनन्स, गळणारं छप्पर, पार्किंगवरून धुसफूस आणि सभेला न येणारे सभासद हे सगळं इतकं ओळखीचं आहे, की मी सोसायटीच म्हणते.

या शहरात पन्नास-साठच्या दशकांत अशा इमारती हजारोंनी उठल्या. जमीन थोडी, गाड्या भरपूर, म्हणून तळमजल्याची पुढची भिंतच काढून टाकायची, तिथे बारीक पाइपांचे खांब द्यायचे आणि त्यांच्या मागे गाड्या लावायच्या. वरच्या मजल्यांना भिंती असतात, त्या आडव्या हिसक्याला तोंड देतात. खाली एका बाजूला भिंतच नाही. जमीन हलली की सगळा हेलकावा त्याच मजल्यात येतो आणि वरचं वजन एका बाजूला कलंडतं. याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. १७ जानेवारी १९९४च्या पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी ६.७ क्षमतेचा नॉर्थरिज भूकंप झाला, तेव्हा नॉर्थरिज मेडोज नावाच्या तीन मजली वसाहतीचा तळमजला वरच्या मजल्यांखाली चिरडला आणि त्या एका ठिकाणी १६ माणसं गेली. ती जागा आमच्यापासून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

धडा १९९४चा, कायदा २०१५चा. भूकंपशास्त्रज्ञ ल्यूसी जोन्स यांनी तेव्हाचे महापौर एरिक गार्सेटी यांच्याबरोबर वर्षभर काम केलं, अहवाल आला, आणि त्यातून नगरपालिकेनं सक्तीचा वटहुकूम काढला. बारा हजारांहून जास्त इमारती त्याखाली आल्या. आदेश हातात पडल्यापासून दोन वर्षांत आराखडे दाखल करायचे, साडेतीन वर्षांत परवाना घ्यायचा, सात वर्षांत काम पुरं करायचं. त्याच कायद्यात जुन्या ठिसूळ काँक्रीटच्या इमारतींना मात्र २५ वर्षांची मुदत आहे, कारण तिथला खर्च अवाढव्य. ज्याचा खर्च जास्त त्याला सवड जास्त, हे तेव्हाच माझ्या लक्षात राहिलं.

आम्हाला पत्र २०१७मध्ये आलं. मुदती सगळ्या लिहिलेल्या होत्या. पैशाबद्दल एक ओळ नव्हती.

साहजिकच आधी अनुदान शोधलं. कॅलिफोर्नियात जुन्या स्वतंत्र घरांसाठी एक योजना आहे: घर पायाला बोल्टनं जखडायचं आणि खालच्या बुटक्या भिंतींना प्लायवूड मारायचं, त्यासाठी ३,००० डॉलरपर्यंत मिळतात. आमच्यासारख्या बारा फ्लॅटच्या इमारतीला ती लागू नाही. रेट्रोफिटच्या खर्चावर ३० टक्के करसवलत द्यायचं विधेयक राज्याच्या विधिमंडळानं २०१५ साली मंजूर केलं होतं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याच ऑक्टोबरात त्यावर नकाराधिकार वापरला. म्हणजे शहरानं सक्ती केली त्याच महिन्यांत राज्यानं हात आखडता घेतला.

भाडेकरूंच्या इमारतींचं गणित वेगळं होतं. माझी एक मैत्रीण शहराच्या पाम्स भागात अशाच इमारतीत भाड्यानं राहते. तिचा एकदा फोन आला, "अगं, आमच्या मालकानं भूकंपाचे म्हणून महिन्याला एकतीस डॉलर वाढवलेत. चालतं का असं?" चालतं. भाडेनियंत्रणाखालच्या इमारतीत मालक निम्मा खर्च भाडेकरूंवर टाकू शकतो, पण दहा वर्षांत पसरून आणि एका घरामागे महिन्याला जास्तीत जास्त ३८ डॉलर. त्यासाठी त्याला शहराच्या गृहनिर्माण खात्याकडे बिलांसकट अर्ज करावा लागतो. तिच्या इमारतीचा खर्च ९०,००० डॉलर; निम्मे ४५,०००, बारा घरांत प्रत्येकी ३,७५०, आणि १२० महिन्यांनी भागलं की ३१ डॉलर २५ सेंट. तिनं कुरकुर केली आणि भरायला लागली. तिच्या मालकाकडे निदान दुसरा खिसा होता. फ्लॅट ज्यांच्या मालकीचे, त्यांना एकच खिसा, स्वतःचा.

आम्ही इंजिनिअर नेमला. माणूस मोजून बोलणारा होता. त्यानं पार्किंगमध्ये फिरून छताचं प्लास्टर दोन ठिकाणी फोडून घेतलं, मापं घेतली आणि काही आठवड्यांनी बैठकीत आराखडा मांडला: पार्किंगच्या उघड्या बाजूला दोन पोलादी चौकटी. चौकट म्हणजे दोन उभे खांब आणि वर तुळई, जोड इतके ताठ की चौकट हिसका खाऊनही काटकोन सोडत नाही. खाली खांबांना बांधणारी काँक्रीटची जमिनीतली तुळई. मागच्या एका भिंतीला प्लायवूडचा थर आणि टोकांना पोलादी पकडी. बस, एवढंच.

"म्हणजे मोठा भूकंप झाला तरी आम्ही इथेच राहू शकू?" कुणीतरी विचारलं.

"कायद्याचा उद्देश तुम्ही जिवंत बाहेर यावं एवढाच आहे," तो म्हणाला. "भिंतींना तडे जातील, नळ तुटतील. कदाचित इमारत राहण्यालायक उरणार नाही. पण ती तुमच्या अंगावर बसणार नाही."

खोलीत शांतता पसरली. खर्चाचा आकडा त्यानं अजून सांगितलाच नव्हता. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला, पण खजिनदार म्हणून वाटलं की हे वाक्य मतदानानंतर बोलला असता तर बरं झालं असतं.

कंत्राटदारांची दरपत्रकं आली ती ९६ हजारांपासून दोन लाख दहा हजार डॉलरपर्यंत. एकाच आराखड्यावर इतका फरक कसा, हे समजून घेण्यात माझे बरेच शनिवार गेले. स्वस्त दरपत्रकात खोदलेली माती उचलून नेणं नव्हतं, उचकटलेलं प्लास्टर पुन्हा करणं नव्हतं, रंग नव्हता, आणि शेवटी बारीक अक्षरांत होतं की जमिनीखाली काही सापडलं तर खर्च वेगळा. जवळपास साठ वर्षांच्या इमारतीच्या जमिनीखाली काही न काही सापडणारच. महागातल्या एकानं कारखान्यातून तयार येणारी, बोल्टनं जोडायची चौकट धरली होती; पोलाद महाग, पण जागेवर वेल्डिंग नाही. जागेवर वेल्डिंग म्हणजे प्रमाणपत्रवाला वेल्डर, त्याच्यावर नजर ठेवायला वेगळा खास तपासनीस, आणि लाकडी इमारतीखाली ठिणग्या उडत असताना आगीवर लक्ष ठेवणारा माणूस. आम्ही सगळ्यांना एकच तक्ता पाठवला आणि त्यातली प्रत्येक ओळ भरून मागितली. तेव्हा ९६ हजारवाला एक लाख एकतीसवर गेला आणि मधला एक जण एक लाख अठरावर सगळ्यांत स्वस्त ठरला. आराखड्यापेक्षा हा तक्ता आम्हाला जास्त उपयोगी पडला असं माझं मत आहे.

सगळं मिळून हिशोब असा झाला: इंजिनिअर साडेआठ हजार, नकाशे-तपासणी आणि परवाने चार हजार, खास तपासनीस आणि माती परीक्षण साडेपाच हजार, ॲस्बेस्टॉसची (जुन्या प्लास्टरमधल्या घातक तंतूंची) तपासणी आणि सफाई सहा हजार, मुख्य कंत्राट एक लाख अठरा हजार, आणि अडीअडचणीसाठी चौदा हजार. एकूण १,५६,००० डॉलर.

पुण्यात माझा धाकटा भाऊ त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ताई, तुमच्याकडे सिंकिंग फंड नाही का?"

"आहे की. छपराला ठेवलाय."

"मग छप्पर पुढे ढकल."

"आधीच एकदा ढकललंय."

कॅलिफोर्नियात दर तीन वर्षांनी सोसायटीला राखीव निधीचा अभ्यास करून घ्यावा लागतो: छप्पर किती वर्षं टिकेल, गेट कधी बदलावं लागेल, त्यासाठी दरमहा किती टाकायचे. त्या यादीत भूकंपाचं काम कधीच नव्हतं, कारण १९६४ साली बांधलेल्या खांबांची मुदत संपते असं कुणी धरलंच नव्हतं. निधीतून ओढून-ताणून २४ हजार निघाले. उरले १,३२,०००. ते बाराजणांनी द्यायचे.

कसे द्यायचे, हा खरा खेळ इथून सुरू झाला.

मागच्या बाजूच्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, आमच्या खाली पार्किंगच नाही, आमच्याखाली भिंती आहेत; ज्यांच्या खाली पोकळी त्यांनी भरावं. ऐकायला रास्त वाटतं. इंजिनिअरनं दोन वाक्यांत निकाल लावला: सांगाडा एकच आहे, पुढचा भाग बसला की मागचा ओढला जाणार. मग एक बेडरूमवाले म्हणाले, क्षेत्रफळानं वाटा. दोन बेडरूमवाले म्हणाले, सगळ्यांचा जीव सारखा, समान वाटा. शेवटी फ्लॅट सुटे करताना नोंदवलेली जुनी नियमावली काढली. त्यात लिहिलेलं होतं: दोन बेडरूमला ९ टक्के, एक बेडरूमला ७. आठ नव्वे बहात्तर, चार साते अठ्ठावीस, शंभर पुरे. म्हणजे दोन बेडरूमला ११,८८० डॉलर आणि एक बेडरूमला ९,२४०. त्या जुन्या वकिलाला मी मनातल्या मनात दुवा दिला. कागदावर हे आधीच ठरलेलं नसतं तर आम्ही आजही त्याच टेबलाशी बसलेले असतो.

पण हिस्सा ठरला म्हणून वसूल करता येत नाही. राज्याचा कायदा असा, की वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या पाच टक्क्यांहून जास्त विशेष वर्गणी लावायची तर सभासदांचं मतदान घ्यावं लागतं. आमचं अंदाजपत्रक पंचावन्न हजारांच्या आसपास. पाच टक्के म्हणजे पावणेतीन हजार. आणीबाणीचा अपवाद आहे, त्यात न्यायालयाच्या हुकमाचा उल्लेख आहे. नगरपालिकेचा आदेश हा न्यायालयाचा हुकूम नव्हे, आणि सात वर्षांची मुदत असलेल्या कामाला आणीबाणी म्हणायला वकील तयार होईना. म्हणजे गंमत बघा: काम करायचंच असं शहर सांगतं, आणि त्याला पैसे द्यायचे की नाही यावर सभासद गुप्त मतदान करतात! आणि ते मतदानही साग्रसंगीत. मतपत्रिका तीस दिवस आधी पाठवायच्या, आतल्या पाकिटावर नाव नाही, बाहेरच्या पाकिटावर नाव-सही, मोजणीला तटस्थ निरीक्षक आणि मोजणी उघड्या सभेत. बारा मतांसाठी.

पहिल्या मतदानात ठराव पडला.

विरोध कुणाचा ते गुप्त असलं तरी सगळ्यांना माहीत होतं. एका गुंतवणूकदाराचे तीन फ्लॅट होते, तिन्ही भाड्यानं दिलेले. तो दोनेक वर्षांत विकून बाहेर पडणार होता आणि काम मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ढकलावं असं त्याला वाटत होतं. मला त्याचा राग आला नाही; त्याच्या जागी त्याचा हिशोब बरोबर होता. सात वर्षांची मुदत दिली की दोन वर्षांनी जाणाऱ्याला ते काम आपलं वाटतच नाही. दुसरे विरोधक तळमजल्यावरचे आजोबा. ते १९९४मध्येही याच घरात होते. "त्या रात्री फ्रिज चालत स्वयंपाकघराच्या बाहेर आला होता," ते सांगायचे. "तरी ही इमारत उभी राहिली ना? मग?" त्यांना इंजिनिअरनं सांगितलं, की हादऱ्याची दिशा आणि जोर दर ठिकाणी वेगळा असतो, आणि एकदा हलून सैल झालेले खिळे आपोआप घट्ट होत नाहीत. आजोबांना हे पटलं की नाही कळलं नाही, पण त्यानंतर ते फ्रिजची गोष्ट सांगायचे थांबले.

भांडणारे हे होते. ज्यांच्याकडे खरोखर पैसे नव्हते ते एकदाही बोलले नाहीत.

हे मला एका संध्याकाळी टपालपेटीपाशी समजलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई, शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेलं. त्यांनी हळूच विचारलं, "हप्ते असतील का?" त्यांचा एक बेडरूमचा फ्लॅट बाजारभावानं चार लाखांच्या पुढे. बँकेत दोन-अडीच हजार. महिन्याला पेन्शन येते त्यात औषधं, मेंटेनन्स आणि मांजराचं खाणं बसवतात. घरावर कर्ज काढायला त्या बँकेत गेल्याही होत्या; घराची किंमत भरपूर, पण परतफेडीला उत्पन्न पुरेसं नाही म्हणून अर्ज नामंजूर. त्यांनी ठरावाविरुद्ध मत दिलं असणार आणि ते विचारपूर्वक दिलं असणार. त्या दिवसापर्यंत मी कोण पैसे द्यायला तयार नाही याची यादी करत होते. त्यानंतर मी दुसरी यादी केली, कोण देऊ शकत नाही याची. प्रत्येकाला एकेकटं गाठून, चहा पीत, कुणाचं नाव कुणाला न सांगता. त्या यादीत दोन फ्लॅट निघाले.

किल्लारीची आठवण मला याच काळात वारंवार यायची. माझे मामा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जनाची रात्र संपता संपता तो भूकंप झाला आणि पुढची काही वर्षं त्यांची लातूर-उस्मानाबादच्या गावांत गेली. तिथे जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं कार्यक्रम राबवला. काही गावं नवी वसवली, आणि जी घरं उभी होती त्यांच्या दुरुस्ती-मजबुतीला टप्प्याटप्प्यानं पैसे दिले. मामा सांगायचे, की दगड-मातीच्या भिंतीत आरपार जाणारा दगड बसवा हे लोकांना लगेच कळायचं, पण पुढचा हप्ता कधी मिळेल हे सांगताना त्यांची दमछाक व्हायची. तिथे निदान हप्ता देणारं कुणी तरी होतं. भूकंप होऊन गेला की सरकारची तिजोरी उघडते. व्हायच्या आधी तुमचं घर हा तुमचा खासगी मामला असतो. कॅलिफोर्निया असो की लातूर, यात फार फरक मला दिसला नाही.

सोसायटीच्या नावावर कर्ज मिळतं, हे तोवर मला माहीत नव्हतं. इमारत तारण ठेवत नाहीत. सोसायटीला दरमहा येणारी वर्गणी हेच तारण. बँक बघते की थकबाकीदार किती, मालक स्वतः राहतात किती, राखीव निधीत काही आहे का. मोठ्या बँकांनी आमच्याकडे बघितलंही नाही. त्यांची किमान रक्कमच आमच्या कामाहून मोठी. सोसायट्यांनाच कर्ज देणारी एक छोटी बँक मिळाली, तिची किमान रक्कम पन्नास हजार. गुंतवणूकदाराचे तीन धरून ज्या पाच फ्लॅटना हप्ते हवे होते त्यांत तीन दोन बेडरूमचे, दोन एक बेडरूमचे, बेरीज ५४,१२०. जेमतेम बसलं. आणखी एकानं रोख भरायचं ठरवलं असतं तर बाकीच्या चार फ्लॅटचं कर्ज बुडालं असतं, म्हणून एका जोडप्याला मी चक्क विनवलं की बाबांनो, तुम्हाला आत्ता पैसे आले असले तरी हप्त्यातच राहा.

व्याज सहा टक्क्यांच्या घरात, मुदत दहा वर्षं. दोन बेडरूमला महिना १३२ डॉलर, एक बेडरूमला १०३. ग्रंथालयाच्या बाई ९,२४०चे शेवटी बारा हजार तीनशेच्या वर भरणार. पाम्सच्या मैत्रिणीचे एकतीस डॉलर मला इथे पुन्हा आठवले. तिच्या मालकावर निम्म्याच्या पुढे बोजा टाकायला बंदी होती, महिन्याला कमाल मर्यादा होती. गरीब मालक हा प्रकार कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावा.

रोख भरणाऱ्यांची नवी शंका आली: कर्ज सोसायटीच्या नावावर, मग हप्तेवाल्यानं बुडवलं तर आम्ही का भरायचं? शंका खरी होती. उत्तर इतकंच होतं, की थकलेल्या वर्गणीसाठी सोसायटी फ्लॅटवर बोजा चढवू शकते आणि फ्लॅट विकला जाताना ती रक्कम वसूल होते. शिवाय करारात कलम घातलं, की फ्लॅट विकला तर उरलेला हप्ता विक्रीच्या रकमेतून एकदम फिटेल. या कलमानं गुंतवणूकदारही नरमला. त्याच्या तीन फ्लॅटचा हिस्सा पस्तीस हजारांच्या वर, तोही हप्त्यात गेला. त्याचे तिन्ही फ्लॅट त्या पाचांतलेच होते. शिवाय भाड्यानं दिलेल्या घरावरचा हा खर्च त्याला घसाऱ्यात दाखवता येतो. आम्हा राहणाऱ्यांना तो करातून वजा होत नाही, फक्त घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो आणि त्याचा उपयोग विकताना. म्हणजे सगळ्यांत कमी गरज असलेल्याला सगळ्यांत जास्त सवलत.

दुसऱ्या खेपेला ठराव पास झाला. तोवर २०२१ उजाडलं होतं, पोलादाचे भाव भडकले होते आणि दरपत्रकाची मुदत संपली होती. कंत्राटदारानं मुख्य रक्कम तशीच ठेवली, पण अडीअडचणीच्या चौदा हजारांतले सहा पोलादाच्या भाववाढीला द्यावे लागले.

कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आवाज, धूळ आणि वेळेवर न येणारं काँक्रीट. छताच्या प्लास्टरमध्ये ॲस्बेस्टॉस निघालं, ते अपेक्षित होतं. खोदताना बिडाची जुनी सांडपाण्याची नळी सापडली, नेमकी जिथे काँक्रीटची तुळई यायची तिथूनच गेलेली. ती वळवायला उरलेल्यातले पाच हजार गेले. गाड्या सगळ्या रस्त्यावर, आणि रस्ता झाडायच्या दिवशी गाडी हलवायला विसरलं की ७३ डॉलर दंड. या दंडाची रक्कम सोसायटीनं भरावी असा अर्ज एकानं माझ्याकडे केला होता. मी तो फाइलला लावून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, कारण तिनं माझी झोप उडवली होती. काम सुरू झालं आणि पोलाद पुरवणाऱ्याकडून, मग काँक्रीटवाल्याकडून नोंदणीकृत टपालानं नोटिसा आल्या. मजकूर असा, की आमचे पैसे मिळाले नाहीत तर तुमच्या मालमत्तेवर बोजा चढवण्याचा आमचा हक्क राखून ठेवतो. मला वाटलं, कंत्राटदार पळाला! वकिलानं समजावलं की ही नेहमीची पद्धत आहे, पुरवठादारानं सुरुवातीलाच अशी नोटीस दिली तरच त्याचा हक्क शाबूत राहतो. पण धोका खरा असतो. तुम्ही कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले आणि त्यानं पोलादवाल्याचे थकवले, तर पोलादवाला तुमच्या दारात येऊ शकतो. म्हणून प्रत्येक हप्ता देताना आधीच्या हप्त्याबद्दल सगळ्या पुरवठादारांची हक्क सोडल्याची सही घ्यायची, आणि सही आल्याशिवाय चेक द्यायचा नाही. कंत्राटदारानं एकदा "उद्या देतो सही, आज चेक द्या" म्हणून बघितलं. त्याला मी पार्किंगमध्येच खुर्ची दिली आणि सही येईपर्यंत बसा म्हटलं. तासाभरात आली.

शेवटची तपासणी झाली, शहराकडून काम पुरं झाल्याचा दाखला मिळाला. त्यानंतर एक कागद उरतो तो बहुतेक जण विसरतात. कॅलिफोर्नियात घरात नवीन बांधकाम केलं की मालमत्ता कराचं मूल्य वाढतं, पण भूकंप-मजबुतीचं काम त्यातून वगळता येतं, राज्याच्या घटनेतच तशी तरतूद आहे. आपोआप मात्र वगळत नाहीत. काम संपायच्या आधी किंवा संपल्यापासून तीस दिवसांत काउंटीच्या मूल्यांकन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. बाराही फ्लॅटचे अर्ज मी एकत्र भरले आणि जिन्यातल्या नोटिसबोर्डावर सहीसाठी लावले. तळमजल्यावरच्या आजोबांनी सगळ्यांत आधी सही केली.

भूकंप विमा आम्ही काढलेला नव्हता, अजूनही सोसायटीचा नाही. हप्ता बघून सभेनं तो विषय पुढे ढकलला. मी व्यक्तिशः आमच्या फ्लॅटपुरता काढला, त्यात सोसायटीनं भूकंपानंतर विशेष वर्गणी लावली तर ती भरून देण्याचं कलम असतं. बारा वाटेकऱ्यांचा अनुभव घेतल्यावर ते कलम मी आधी वाचलं, बाकीची पॉलिसी नंतर.

गुंतवणूकदारानं ठरल्याप्रमाणे पहिला फ्लॅट विकायला काढला. त्याच्या जाहिरातीची पहिलीच ओळ: 'भूकंप-रेट्रोफिट पूर्ण'. विक्रीच्या कागदपत्रांसोबत त्याच्या दलालाकडून मला फोन आला, की सोसायटीचा किती हप्ता बाकी आहे त्याचं पत्र द्या. ते मी त्याच दिवशी पाठवलं. पैसे खात्यात जमा झाले आणि कर्जाचा एक हिस्सा मुदतीआधी फिटला. छपराचा ठेकेदार आता पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहे.